लाईट आहे का?

सरांच्या कॉम्प्युटर क्लासबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. शाळेत सुविचार लिहितात तसाच, पण त्यावर सुविचार कधी नसे. रोज सकाळी सर तिथे जगातली तंत्रज्ञानाची एक बातमी खडूने लिहीत, खाली रेघ मारत आणि रेघेखाली लिहीत, 'आपल्याला उपयोग'.

'परदेशात एका कंपनीने घडी घालायचा फोन काढला. किंमत एक दुभती म्हैस, वर तिची एक वगार. आपल्याला उपयोग: नाही. आपण आहे त्याच फोनवर बसून घडी घालतो.'

'यंत्र आता सांगाल त्या विषयावर कविता करते. आपल्याला उपयोग: गॅदरिंगला.'

'हवेतून पाणी काढणारे यंत्र तयार. आपल्याला उपयोग: फार. पण ते येईपर्यंत आपण नसू.'

क्लास पाथर्डीत, स्टँडच्या मागच्या गल्लीत होता. समोर जीप लागत, म्हणून फळ्याला वाचक भरपूर. जीप भरेपर्यंत माणसं दुसरं काय करणार? पलीकडे नानांची चहाची टपरी होती. नाना फळा वाचत नसत. ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ओरडत, "सर, आज म्हशीत किती?"

मी तिथे शिकवायला होते. बाबांची बदली पाथर्डीला झाली होती, माझं कॉलेज नगरला संपलं होतं आणि पुण्याच्या नोकरीचं काही जमत नव्हतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत. मराठी फळा वाचायला मला सुरुवातीला वेळ लागे, आणि तो वाचताना कुणी पाहू नये म्हणून मी क्लासला लवकर जाई.

सरांनी माझी मुलाखत घेतली ती एका प्रश्नाची.

"तुमची चूक कुणी दाखवली तर काय करता?"

"दुरुस्त करते."

"आधी रडत नाही ना?"

"नाही."

"मग या उद्यापासून."

माझं उत्तर पूर्ण खरं नव्हतं. पण तिथे काम केलं तेवढ्या काळात रडायची वेळ आली नाही, कारण चूक दाखवताना सर माणसाकडे बघतच नसत. ते स्क्रीनकडे बघत आणि तिच्याशीच बोलत. क्लासमधल्या कॉम्प्युटरना ते अहो-जाहो करत. "कोपऱ्यातले आज उठले नाहीत, जरा त्यांच्याकडे बघा." "यांना घाई करू नका, यांचं वय झालंय." विद्यार्थ्यांना मात्र अरे-तुरे. रोज सकाळी ते सायकलचा पंप घेऊन प्रत्येक कॉम्प्युटरमधली धूळ उडवत. आमच्याकडची धूळ कुठल्याच पंपाला हार जात नाही, पण सरांनी पंप कधी सोडला नाही. कीबोर्डांवर काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या साड्यांचे तुकडे घातलेले असत, त्यामुळे क्लास बंद असला की वाळत घातल्यासारखा दिसे. काकू वरच्या मजल्यावरून एवढंच म्हणत, "माझी नेसायची तेवढी सोडा."

भिंतीवर पाटी होती: 'चूक दिसली की आधी दुरुस्ती, मग चहा.' नानांच्या मते याच पाटीने त्यांचा धंदा बुडवला होता.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, चूक अगदी बारीक असली, कुणाचं काही बिघडत नसलं, तर? सर म्हणाले, "चूक माहीत असून ठेवायची हा आळस नाही. अपमान आहे."

"कुणाचा?"

"वापरणाऱ्याचा."

वापरणारा हा सरांच्या आयुष्यातला दुखरा भाग होता. क्लास त्यांच्या पोटासाठी होता. खरा जीव त्यांच्या उद्योगांत. दुपारी क्लास रिकामा असला की ते स्वतःचे प्रोग्रॅम लिहीत आणि एका साईटवर टाकत. जगभरातले हौशी प्रोग्रॅमर तिथे आपापले उद्योग एकमेकांना दाखवतात. ज्याला सगळ्यात जास्त दाद मिळते तो पहिल्या पानावर जातो. सरांचं काही कधी पहिल्या पानावर गेलं नव्हतं, दहाव्याही नाही. फिनलंडमधला कुणी एक माणूस मात्र त्यांचं प्रत्येक काम बघायचा आणि दोन शब्द लिहायचा. सर त्याला 'फिनलंडचा पाहुणा' म्हणत. "काल पाहुणे येऊन गेले," असं ते इतक्या सहज सांगत की नव्या विद्यार्थ्याला वाटे, घरी जेवून गेले असतील.

पण पाहुणा म्हणजे वापरणारा नव्हे. "करणारे पुष्कळ," सर म्हणत. "वापरणारा कुठाय? आपल्या तालुक्यातला एक. एकच."

त्या एकासाठी त्यांनी काय काय केलं होतं! एक घड्याळ होतं, त्यात आकडे नव्हते. त्यात 'नगर गाडी गेली', 'शेवगाव गाडी यायची आहे' असं उमटे. ते गाड्यांच्या वेळापत्रकावर चाले, त्यामुळे ते कायम पुढे असे. "घड्याळ बरोबर आहे, गाडी चुकलीय," असं सर म्हणत. कुणी वापरलं नाही.

मग 'जीप कधी भरेल' नावाचं पान. आमच्याकडे जीप वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. सर खिडकीत बसून माणसं मोजायचे आणि पान सांगायचं की तिसगावची जीप आता किती वेळात हलेल. ते हमखास चुकायचं. जीपवाले आपलीच दोन-चार माणसं आधी बसवून ठेवतात, म्हणजे गाडी भरत आल्यासारखी दिसते आणि खरं गिऱ्हाईक चढतं. खरं चढलं की खोटं हळूच उतरतं, तंबाखू आणायला म्हणून. सरांनी धरलं होतं, माणूस बसला की बसला. त्यांच्या हिशेबात उतरणं नव्हतंच. शेवटी एक जीपवाला स्वतः क्लासमध्ये आला, चपला बाहेर काढून. म्हणाला, "सर, त्याला मोजू नका. तो आपला हाय." सरांनी त्याच दिवशी ते पान बंद केलं. आपला आणि गिऱ्हाईक यांतला फरक ओळखणारा प्रोग्रॅम त्यांना लिहिता आला नाही.

त्यानंतरचं पान 'लाईट आहे का?'

ते अगदी साधं होतं. काच तडकलेला एक जुना फोन कायम चार्जिंगला लावून ठेवायचा. चार्जिंग चालू म्हणजे लाईट आहे, थांबलं म्हणजे गेली. फोन तेवढंच इंटरनेटवर कळवणार आणि पानावर एकच शब्द दिसणार, 'आहे' किंवा 'नाही'. पहिला फोन त्यांनी क्लासमध्येच लावला आणि नानांना पान दाखवलं.

नाना म्हणाले, "सर, लाईट गेली की मला दिसतंय की. अंधार होतो."

"तुला दिसतं. जो बाहेरगावी आहे त्याला?"

"बाहेरगावच्याला आमच्या लाईटीचं काय पडलंय?"

सर आत येऊन पंप मारत बसले.

मग त्यांनी ठरवलं की फोन गावात नाही, वाडी-वस्तीवर लावायचा. त्यासाठी घर हवं होतं. क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं बिल वाढेल, कुणी म्हणालं आत कॅमेरा असेल, कुणी म्हणालं घरात विचारून सांगतो, आणि तो क्लासलाच यायचा बंद झाला.

कांताबाई आल्या त्या दिवाळीच्या आसपास, आपल्या फोनमधली अक्षरं मोठी करून घ्यायला. त्यांची टोळी कोपरगावकडे ऊसतोडीला निघायची होती. नवरा-बायको आणि लेकरं जाणार, घरी म्हातारी सासू एकटी राहणार. आमच्या भागात हे घरोघर आहे. सरांनी सवयीने त्यांनाही विचारलं. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे लाईट गेली ते मला तिकडं उसाच्या फडात दिसंल?"

"दिसेल."

"आमच्याच घरातली?"

"तुमच्याच घरातली."

"मंग द्या."

"बिल थोडं..."

"द्या हो सर. आत्याबाईंना फोन येत न्हाई, ऐकू बी कमी येतं. शेजारणीला रोज रोज विचारलं की ती फणफणती. निदान घरात उजेड हाय का एवढं तर दिसंल."

सरांनी त्यांना चहा पाजला. अक्षरं मोठी करायच्या आधी. पाटीचा नियम मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कांताबाईंनी जाताना एक सूचना केली. "अक्षर नको सर, दिवाच काढा. पेटलेला न्हाईतर इझलेला. लांबनं बी दिसंल." सरांनी दिवा काढला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर परदेशाची बातमी नव्हती. 'वापरणाऱ्याने सूचना केली,' एवढंच होतं. नाना रस्ता ओलांडून आले, वाचून गेले आणि त्या दिवशी ओरडले नाहीत.

टोळी गेली. पान कुठून उघडलं जातं ते सरांना दिसायचं. रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, कोपरगावच्या बाजूने ते उघडलं जाई. "कांताबाई आल्या," सर म्हणायचे. अगदी पाहुण्यासारखंच.

आणि रोज त्याच सुमाराला तिथला दिवा विझायचा. तास-दीड तासाने पुन्हा लागायचा. सर बुचकळ्यात पडले. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर कुणाकडे त्या वेळी लाईट जात नव्हती. मग त्यांनी आलेख काढला. तो दिसायला फार सुंदर होता, कंगव्याचे दात असावेत तसा. सरांचं अनुमान असं होतं की वाडीच्या टोकाच्या त्या घराला रोज संध्याकाळी वीज अपुरी पडते आणि हे कुणाच्या नोंदीत येत नाही. त्यांनी त्यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि मला तपासायला दिला. सरांच्या इंग्रजीत 'ए' आणि 'द' कुठेच नसत. ते मी जागोजाग पेरले. बाकी काही बदललं नाही. अनुमानाबद्दल मला काही कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी बोलले असते असं नाही.

तो लेख पहिल्या पानावर गेला.

सकाळी मी आले तेव्हा सर पंप हातात घेऊन स्क्रीनसमोर उभे होते. जगभरातून माणसं त्या एका घराचा दिवा बघत होती. त्यांचे अभिप्राय सरांनी मला मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावले. इतका वेळ, इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते. क्लास ऐकत होता, जीपवाले दारात उभे होते, नानाही आले होते. कुणी आलेखाची स्तुती केली होती, कुणी विचारलं होतं की त्या घरात कोण राहतं, कुणी लिहिलं होतं की एवढ्या कमी सामानात एवढं नेमकं काम त्याने पाहिलं नाही.

नाना म्हणाले, "म्हंजे अमेरिकेत बसून लोकं आपल्या वाडीची लाईट बघत्यात?"

"हो," मी म्हणाले.

"तिकडं कामं न्हाईत का त्यांना?"

सर हसले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पाथर्डी तालुक्यातील एका घराचा दिवा जगभर पाहिला जात आहे. आपल्याला उपयोग:' आणि पुढे थांबले. मग जागा मोकळी सोडून आत आले.

दुसऱ्या दिवशी फिनलंडच्या पाहुण्याचा अभिप्राय आला. त्याने सगळ्या नोंदी, त्यातल्या रेंजच्या आकड्यांसकट, नीट पाहिल्या होत्या. त्याचं म्हणणं असं होतं की तुमच्याकडे खरी लाईट जाते तेव्हा फोनची रेंजही कमी होते, टॉवरही त्याच विजेवर असणार. पण संध्याकाळी दिवा विझतो तेव्हा रेंज तशीच राहते. तेव्हा वीज जात नसावी. कुणीतरी पिन काढत असावं.

मी वाचून दाखवलं. सरांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठून कपाटातून एक एक्स्टेंशन बोर्ड काढला आणि म्हणाले, "चला."

जीप जवळजवळ भरली होती. सर शेजारच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही जाणारे की बसणारे?" तो माणूस ओशाळून खाली उतरला. आम्हाला पुष्कळ वेळ थांबावं लागलं.

कांताबाईंचं घर वाडीच्या टोकाला होतं. म्हातारी ओट्यावर तूर निवडत होती. सरांनी आपण कोण, ते ओरडून सांगितलं. तिने आमच्याकडे बघून घेतलं आणि मला म्हणाली, "जेवली का पोरी?" मी मान हलवली. ती नक्की होकाराची होती की नकाराची ते मलाही सांगता आलं नसतं. ती आत गेली आणि गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आली.

घरात चालणारा प्लग एकच होता. फोन कोनाड्यात ठेवलेला, शेजारी टीव्ही.

"आजी," सर ओरडले, "संध्याकाळी ही पिन तुम्ही काढता का?"

"मंग?"

"का काढता?"

"टीव्ही कशावर लावू? तुज्या डोक्यावर?"

"रोज?"

"रोज मालिका असती, मंग रोजच की. झाली की परत लावती. कांतानं बजावलंय, इसरू नका म्हनून." आणि मग जरा चिडून, "काय चुकलं का आमचं?"

"नाही, नाही," सर म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी बोर्ड लावला. एका बाजूला टीव्ही, एका बाजूला फोन. म्हातारीला दोन-तीनदा दाखवलं की आता पिन काढायची नाही. तिने टीव्ही लावून पाहिला, फोनचं चार्जिंग चालूच. "हे ब्येस केलं," ती म्हणाली. परत येताना सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल, पण ते म्हणाले, "चूक सापडली की कसं हलकं वाटतं, नाही?"

त्यांनी साईटवर स्वतःची चूक सविस्तर कबूल केली. फिनलंडच्या पाहुण्याचे आभार मानले. आश्चर्य म्हणजे त्यालाच मूळ लेखापेक्षा जास्त दाद मिळाली. चूक इतक्या सरळ मान्य करणारा माणूस लोकांना आवडला. सर दोन दिवस फार आनंदात होते. पानावरचा दिवा आता संध्याकाळी विझत नव्हता. आलेख सपाट, चूक शून्य.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लासचा फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम, कांता बोलते. सर हायेत का सर?" मागे बैलगाडीचा आणि माणसांचा आवाज होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, दिवा जात न्हाई हो!"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "लाईट जात नाही म्हणून दिवा जात नाही."

"अवो, बरोबर कसलं ते! काल न्हाई गेला, परवा न्हाई गेला. शेजारणीचा फोन लागंना. आत्याबाईंचं कायतरी झालंय. आमी मुकादमाला सांगितलंय, आत्ता निघतो."

"त्यांना काय होणार? परवाच भेटलो आम्ही. ठणठणीत आहेत."

"मंग दिवा का जात न्हाई?"

सरांनी स्क्रीनवर तो सपाट आलेख उघडला. पलीकडून कांताबाईच बोलल्या, आता जरा हळू.

"रोज त्या पिन काढत्यात सर. टीव्ही लावाया. पिन काढली की इकडं दिवा जातो. दिवा गेला की मी म्हनते, बसली बया टीव्हीम्होरं. म्हंजे उठली हाय, जेवली हाय. मंग मी भाकरी थापाया घेते."

"तुम्हाला माहीत होतं? लाईट जात नाही, पिन काढतात, हे?"

"मला न्हाई तर कुनाला माहीत असनार? पलग एकच हाय घरात."

सरांनी त्यांना बोर्डाचं सांगितलं. नवा लावला आहे, आता पिन काढावी लागत नाही, सासूबाई मजेत आहेत, तुम्ही निघू नका. पलीकडे कांताबाईंनी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "न्हाई रं, थांब, बरी हाय." मग पुन्हा फोनवर आल्या.

"ते ठीक हाय सर. पर आता मला कसं कळायचं?"

फोन ठेवल्यावर सर भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सर, पान तर आता बरोबर आहे."

"हो. बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त वापरणारीच्या कामाचं राहिलं नाही."

ते लगेच जीपने गेले, एकटेच. दुपारी बोर्ड काखेत मारून परत आले. म्हातारीने सहजासहजी दिला नव्हता. "देतो म्हंतो, नेतो म्हंतो, रुखवत हाय का काय!" असं म्हणून तिने तो धरून ठेवला होता. शेवटी सरांनी तिला ओरडून सांगितलं की तुम्ही पिन काढली की तिकडे कांताबाईंना कळतं. तेव्हा तिने बोर्ड सोडला.

"काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"म्हणाल्या, 'तिला कळतं व्हय?' आणि मला गूळ दिला."

संध्याकाळी दिवा विझला. कोपरगावकडून पान उघडलं गेलं होतं. सरांनी त्या पानावर दिव्याखाली दोन वाक्यं लिहिली: 'चूक माहीत आहे. दुरुस्त करणार नाही.' इंग्रजीत मला करायला सांगितलं. मी केलं.

साईटवरच्या लोकांना हे मुळीच आवडलं नाही. ज्यांनी चूक कबूल केल्याबद्दल टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच लिहिलं की हा माणूस लहरी आहे, याच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा. पान खाली खाली गेलं. फिनलंडच्या पाहुण्याने फक्त विचारलं, का? मी उत्तराचा मसुदा लिहिला. त्यात ऊसतोड, वाडी, एकुलता एक प्लग, टीव्ही, सगळं समजावून सांगितलं. सरांनी तो वाचला आणि सगळा खोडला. "वापरणारीने सांगितलं, एवढंच लिहा."

पहिल्या पानावर जाण्याची त्यांना किती वर्षं आस होती ते मला ठाऊक होतं. फळ्यावरची ती बातमी त्यांनी तेव्हापासून पुसली नव्हती; तिच्यापुढची मोकळी जागा आता भरली. 'आपल्याला उपयोग: एकीला.'

नानांनी वाचलं. म्हणाले, "सर, जगातनं एकच?"

"तुझा चहा पहिल्यांदा किती जणांनी प्यायला होता?"

"एक. मीच."

"मग?"

काही आठवड्यांनी फळ्यावर बातमी होती: 'फिनलंडमध्ये एकाने लांब राहणाऱ्या आपल्या आईच्या कॉफीच्या किटलीला फोन जोडला. आपल्याला उपयोग: आपल्याकडूनच गेला.'

मग मला पुण्याची नोकरी लागली. जाताना सरांनी मला काही दिलं नाही, काही सांगितलंही नाही. फक्त मी बसायचे तो कॉम्प्युटर पंपाने स्वतः साफ केला आणि त्याला म्हणाले, "यांची आता गाडी आहे."

ऑफिसात संध्याकाळी ते पान उघडून ठेवायची मला सवय लागली. कुणी मागून आलं की मी ते बंद करते. इथे माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना मी याबद्दल कधी सांगितलेलं नाही. दिवेलागणीनंतर दिवा विझायचा, थोड्या वेळाने लागायचा. मध्ये एकदा सर मेसेजवर बोलता बोलता म्हणाले होते की म्हातारीच्या टीव्हीचा रिचार्ज संपून बरेच दिवस झाले, मालिका बंद आहे. मी पान पाहिलं. दिवा त्याही दिवशी वेळेवर विझला होता.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी तो विझला नाही. मी उशिरापर्यंत ऑफिसात बसले. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांना मी आपणहून कधी फोन केला नव्हता, तो त्या दिवशी केला.

"सर, दिवा..."

"हो," ते म्हणाले. "काल कांताबाई लगेच निघाल्या. टोळीतल्याच कुणाची गाडी मिळाली."

"मग?"

"पडल्या होत्या घरात. दवाखान्यात नेलंय. पण शुद्धीवर आहेत, सुनेला ओळखलं. आधी म्हणाल्या, पिन काढायची राहिली."

म्हातारीला त्यानंतर सुनेचा हात काही दिवस मिळाला. फार नाही; थंडी सरायच्या आत ती गेली. कांताबाई त्या वर्षी पुन्हा तोडीला गेल्या नाहीत, पुढच्या वर्षी गेल्या. घराला कुलूप आहे. फोन कोनाड्यात तसाच लावलेला आहे. सरांनी विचारलं होतं काढू का म्हणून, त्या नको म्हणाल्या.

मी अजून ते पान उघडते. कोपरगावकडून ते अजून उघडलं जातं, असं सर म्हणतात. दिवेलागणीनंतर दिवा आता जात नाही. कधी गेलाच, तर खरोखरची लाईट गेलेली असते. दिव्याखाली ती दोन वाक्यं तशीच आहेत, चूक माहीत आहे, दुरुस्त करणार नाही. पान मात्र आता अगदी बरोबर असतं.